फुशेंगची पाण्याची बाटली

चुशी गाव, दक्षिण जिआंगशी
१५ फेब्रुवारी १९९७

चि. फुशेंग यास, ताईचे अ. उ. आशीर्वाद.

वि. वि. नव्या वर्षाच्या दारावरच्या लाल पट्ट्या पोचल्या. खळ करून चिकटवल्याही. पण काय रे ती अक्षरं! वीस वर्षं अख्ख्या गावाच्या पट्ट्या लिहिणारा तू. या खेपेला कोंबडी शाईत पाय बुडवून नाचल्यासारखं दिसतंय. समोरच्या लिऊकाकूंनी, हे तुमच्या नातीने, युनयुनने लिहिलं का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही हो, आमचे साहेब हल्ली पिऊन लिहितात.

आता मुद्द्याचं. गेल्या ऑक्टोबरात शहरातले डॉक्टर येऊन पोरांचे केस कापून घेऊन गेले. लोक बिचकले तर तूच पुढे झालास आणि, घ्या माझेही, म्हणून टाळू पुढे केलीस. केवढा तो दिमाख! त्या तपासणीचा कागद तुमच्या खाणीच्या ऑफिसात येणार होता. त्याचं काय झालं? माझी नात सात वर्षांची झाली तरी सहाच्या पुढे बदकं मोजता येत नाहीत तिला. बालवाडीतून घरी यायची वाट दोनदा चुकली. बाईंनी तिला पहिलीत घ्यायला नकार दिलाय.

तुमच्या खाणीच्या डोंगरावरच्या हौदांचं पाणी ओढ्यात उतरलं, त्या पहिल्या वर्षी भाजी गुडघाभर वाढली होती. फुकटचं खत आहे ताई, सोडू नकोस, असं तूच सांगितलंस. मी अक्कलशून्य बाई, स्वतःच्या कुदळीने बांध फोडून ते पाणी वाफ्यात घेतलं आणि ती भाजी पोरीला भरवली. कागदावर काय आहे ते कळव. कारखान्यात राबणाऱ्या तिच्या आईला, माझ्या चिनलानला, मला उत्तर द्यायचंय.

तुझ्या शुयिंगला माझी आठवण सांग. जमलं तर माया ठेव.
तुझी ताई, छुनमेइ


तालुक्याचे गाव
३ मार्च १९९७

ती. ताईस, फुशेंगचा सा. न. वि. वि.

पत्र मिळाले. तू नेहमीप्रमाणे फैलावर घेतलेस. पट्ट्यांचे म्हणशील तर कुंचला खराब होता, दुसरे काही नाही.

कागद अजून आलेला नाही. आला तरी त्यात काळजीचे काही नसेल, असे आमचे साहेब म्हणतात. आपल्या डोंगरातून निघणाऱ्या या दुर्मिळ मृदा धातूंवाचून परदेशात टीव्हीसुद्धा लागत नाही, हे गावातल्या लोकांना कळत नाही. नुसते कुजबुजत बसतात. युनयुनला रोज एक अंडे आणि चार अक्रोड दे, डोके चालू लागेल. काही मुले उशिरा शहाणी होतात. मीही तसाच होतो, असे आई म्हणायची.

छिंगमिंगला, पितरांच्या सणाला, बाबांची समाधी झाडायला येतोच आहे. तोवर राग गिळावा आणि आशीर्वाद असू द्यावेत.
तुझा फुशेंग


चुशी गाव
८ एप्रिल १९९७

फुशेंग,

आशीर्वाद या खेपेला लिहीत नाही. हात धजत नाही.

तू आलास. मी पहाटे उठून खलात चहाची पानं, तीळ, शेंगदाणे कुटले. वाटलेला चहा म्हणजे तुझा जीव की प्राण. चार-चार वाडगे रिचवायचास आणि वर खल निपटून घ्यायचास. या खेपेला ओठही लावले नाहीस. पोट बिघडलंय म्हणालास. मी वेडी, ओवा शोधत बसले.

तू गेल्यावर युनयुन म्हणाली, "मामाआजोबांनी समाधीमागे बसून बाटलीतलं पाणी प्यायलं. आपलं नाही प्यायलं." तिला सकाळी काय खाल्लं ते संध्याकाळी आठवत नाही. पण हे आठवलं, आणि तीनदा सांगितलं.

आता तुझा कागद नको मला. माझ्या विहिरीचं पाणी तुझ्या घशाखाली उतरत नाही आणि माझ्या नातीने मात्र त्यात अक्रोड भिजवून खावेत! थू तुझ्या साहेबीपणावर. बाबा त्या मातीत पुरलेत म्हणून बरं, नाहीतर त्यांनी तुझ्याकडे पाठ फिरवली असती.

शनिवारी चिनलान येऊन पोरीला घेऊन जाणार. तिथे कारखान्याच्या खोलीत सहा बायका राहतात, त्यात ही सातवी. शाळेत घेतील की नाही देव जाणे. पण नळाचं पाणी तरी दुसऱ्या डोंगराचं असेल.

लोभ वगैरे तुझा तुलाच लखलाभ.
छुनमेइ


तालुक्याचे गाव
२० मे १९९७

ती. ताईंस, शुयिंगचा सा. न. वि. वि.

अक्षर माझे आहे, मजकूर यांचा. हे सांगतात तसे लिहिते.

ताई, कुंचला खराब नव्हता. हात ऐकत नाही. वाडगा धरला तर चहा सांडतो. सोबत कागद आहे. तो डिसेंबरपासून माझ्या खणात होता. साहेबांनी गप्प राहायला सांगितले आणि मी राहिलो. तिसऱ्या ओळीत युनयुन आहे. शहरातल्या पोरांच्या केसांत जेवढा धातू सापडला, त्याच्या चौपट तिच्या केसांत आहे. शेवटच्या ओळीत मी आहे. माझा आकडा सगळ्या गावाच्या वर आहे. सात वर्षे खाणीतल्या धातूची ती पांढरी भुकटी मी चिमटीत धरून पारखली, कधी जिभेवरही ठेवली. डॉक्टर म्हणतात, यकृत सुजले आहे, आणि हल्ली विसरायला होते ते आणि हाताचेही बहुधा यानेच. बरे होईल का, ते सांगत नाहीत.

पोरीला पाठवलेस ते बरे केलेस. मला काल साहेबांचे नाव आठवेना. तुझे आठवते. उन्हाळ्यात घरी येऊ का?

यांना क्षमा करा असे मी म्हणत नाही. पण उत्तर पाठवा.
शुयिंग


चुशी गाव
२ जून १९९७

चि. फुशेंग यास, अ. उ. आशीर्वाद.

घे, लिहिले. मेल्या, भित्र्या, तू आशीर्वादाच्या लायकीचा नाहीस. कागद चावडीच्या दारावर चिकटवलाय. लिऊकाकूंनी त्यांच्या नातवाची ओळ मला वाचायला लावली. मी वाफ्याचा बांध पुन्हा घातला. विहिरीत काय मुरलंय, ते थोडंच निघणार आहे?

युनयुन तिकडे अजून वाट चुकते म्हणे. तुझ्या पट्ट्या दारावरून काढल्या नाहीत. उलट हात लावून बघते. कुठे तुझा हात थरथरला ते कळतं आता. मी तुला दारुडा म्हटलं होतं.

पत्र संपवताना, घरी ये, जेवून जा, असं लिहायची आपली रीत. आईने मरेपर्यंत प्रत्येक पत्रात लिहिलं. तू विचारतोस, येऊ का? काय सांगू? माझ्या घरी तुला द्यायला पाणी नाही.
तुझी ताई