उजवीकडे ओढणारं जहाज

५ जानेवारी

चि. बबडीस, अनेक आशीर्वाद.

अक्षर तुझ्या आईचं, मजकूर माझा. उजवा हात आजारपणानंतर अजून लिहायचं नाव काढत नाही. डॉक्टर म्हणाले, बारीक काम करत राहा. जूनपर्यंत येईल तेवढाच हात, पुढे नाही. म्हणून जहाज करायला घेतलं. ज्याच्या इंजिनाला तीस वर्षं तेल पाजलं तेच, हातभर लांब, पण खरं चालणारं. (जेवणाचं टेबल गेलं. आम्ही मांडीवर ताटं घेतो. – आई)

काल टबात सोडलं. मागच्या पंख्याच्या दांड्याच्या नळीतून पाणी आत येतं. मोठ्या जहाजात करायचो तसा सुती दोरा चरबीत भिजवून कोंबला, तर दांडाच आवळला आणि मोटर तापली. तू पंपांच्या कारखान्यात आहेस, काहीतरी सुचव.

सही मात्र उजव्या हाताची आहे. कोंबडीचे पाय समजू नकोस.

बाबा

२० जानेवारी

ती. बाबांना सा. न. वि. वि.

दोरा काढून टाका, एवढ्याशा दांड्याला तो सोसत नाही. नळीत घट्ट ग्रीस भरा. मोटर आणि दांडा एका रेषेत आहेत का पाहा. मध्ये रबरी नळीचा तुकडा जोडा. ग्रीस आणि नळी पाठवते आहे. मी असते तर अर्ध्या तासाचं काम होतं. पण इथे दोन पंप उघडून पडलेत आणि रजेचं नाव काढलं की साहेब खिडकीबाहेर बघतात. इतक्या लांबून नुसत्या नळ्या पाठवत बसते, याचाच राग येतो.

हात कसा आहे ते लिहा. तेवढं सोडून सगळं लिहिता.

तुमची बबडी

८ एप्रिल

चि. बबडीस, अनेक आशीर्वाद.

गळती थांबली, शाबास. पण आता जहाज उजवीकडे ओढतं. तळ्यात सोडलं की गोल फिरून माझ्याच पायाशी येतं. सुकाणू सरळ आहे, पंखाही दोनदा बदलला. तळ्यावरचा माळी म्हणाला, सुकाणू जरा डावीकडे बांधून टाका. मी त्याला म्हटलं, बांधलेल्या सुकाणूवर जहाज चालवणं म्हणजे दोष झाकणं. आमच्या इंजिनघरात तसल्या माणसाला कुणी चहा विचारत नसे.

हाताचं जूनमध्ये बोलू. (काल हातातून कप पडला. सांगू नको म्हणाले. – आई)

बाबा

२४ एप्रिल

ती. बाबांना सा. न. वि. वि.

मग दोष यंत्रात नाही, जहाजाच्या लाकडी अंगात असेल. डाव्या बाजूच्या फुगवट्याप्रमाणे पुठ्ठा कापा आणि तोच उलटा करून उजव्या बाजूला लावून पाहा.

आई, बाजू घासल्या कशा, कोणत्या हाताने, ते तू लिही. मला भीती वाटते आहे.

तुमची बबडी

१२ जून

चि. बबडीस, अनेक आशीर्वाद.

पुठ्ठा उजवीकडे बसला नाही. ती बाजू जाड राहिली आहे. दोन्ही हातांना सारखं काम मिळावं म्हणून मी डावी बाजू डाव्या हाताने घासली आणि उजवी उजव्या. चार महिने रोज तासभर. मला वाटत होतं, दोन्ही सारख्याच उतरल्या. डॉक्टरांनाही तसंच सांगत आलो. परवा त्यांनी हात तपासला आणि म्हणाले, आता हा एवढाच.

आईने पॉलिश कागद माझ्या डाव्या हातात दिला. तासाभरात उजवी बाजू उतरली असती. मी कागद खाली ठेवला. उजव्या हाताने जेवढी घासली तेवढीच राहू दे. (मी रडले. ते नाही. – आई)

सुकाणू डावीकडे बांधलं. जहाज सरळ पलीकडच्या काठाला गेलं. माळ्याने चहा दिला, मी घेतला.

आता काही पाठवू नकोस. दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही, तरी रजा मिळव आणि ये. माया आहे तशी असू दे.

सही डाव्या हाताची आहे, ओळखून घे.

बाबा