मागच्या खोलीतल्या शब्दांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये भाषांतर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरीणबाईंनी लिहून दिले आहे. जीव मात्र थाऱ्यावर नाही. असता तर वकिलांचा मसुदा पुन्हा पुन्हा परत पाठवला नसता, आणि शेवटी स्वतः लिहायला बसले नसते.

१. बँकेतील ठेव व दागिने मुलीला. कानातले मोडून नवे केले तरी माझी हरकत नाही.

२. शब्दकोश रुग्णालयातील दुभाष्यांच्या खोलीला. मोठ्या कोशातली 'रन' या शब्दाची पाने सुटली आहेत, ती आधी शिवून घ्यावीत. यंत्र चालते, नाक वाहते, उमेदवार निवडणुकीला उभा राहतो, मोज्याचा धागा उसवतो. इंग्रजीला या सगळ्याला एकच 'रन' पुरतो. स्पॅनिशमध्ये ज्याला त्याला वेगळा शब्द द्यावा लागतो. ही पाने नसतील तर कोश टेबलाच्या पायाखाली जाईल, हे मी ओळखून आहे.

३. राहते घर मुलीच्या नावे. मात्र मागची खोली माझ्या धाकट्या दिरांकडे, त्यांच्या हयातीपर्यंत. जावईबापूंना हे पटलेले नाही. ज्या माणसाने इतकी वर्षे अबोला धरला त्याला खोली कशाला, असे त्यांनी मुलीकरवी विचारले. उत्तर येथेच देते.

आमचे हे गेल्यावर भाऊजी आणि मी मिळून भाषांतराचे ऑफिस चालवत होतो. बंदरामुळे स्पॅनिश बोलणारे खलाशी पुष्कळ, कामाला तोटा नव्हता. भाऊजींचा हात झरझर चाले. मी एकेक शब्द वाजवून घेई, तेव्हा ते म्हणत, "वहिनी खडे निवडायला बसल्या."

एका जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. घरी घ्यायच्या काळजीचा कागद भाऊजींनी उतरवला. मूळ इंग्रजीत 'डिस्चार्ज' शब्द दोनदा होता. एकदा अर्थ रुग्णालयातून सुटी, दुसऱ्यांदा जखमेतून पू. स्पॅनिशमध्ये सुटीला 'आल्ता' म्हणतात. भाऊजींनी दोन्हीकडे तोच ठोकून दिला. जखमेतून पू आला तर ताबडतोब या, याचे झाले, जखमेला सुटी मिळाली की या. स्वयंपाक्याच्या बायकोने ते जखम बरी झाल्यावर या असे समजून घेतले आणि पू पुसत वाट पाहिली.

प्रत माझ्या हाती लागली तशी मी धावत त्या नवराबायकोच्या भाड्याच्या खोलीवर गेले. जिन्यातच वास आला. माणूस वाचला, पाय गेला. बायको विचारत होती, माझं काय चुकलं? मी तिला आणि रुग्णालयाला खरे ते सांगितले. ऑफिस बसले.

"वहिनी, एका शब्दापायी तुम्ही घर फोडलंत," भाऊजी म्हणाले.

"घर आपलं फुटलं, भाऊजी. पाय त्याचा गेला."

त्यानंतर ते दुसऱ्या गावी गेले. दिसले ते थेट रुग्णालयाच्या खाटेवर. अर्धांगाने उजवी बाजू गेली होती आणि तोंडातले शब्द जागा सोडून बसले होते. पुढेमागे कोणी नाही. मी घरी घेऊन आले. झाल्या गोष्टीवर आम्ही बोललो नाही. आता बोलणार तरी कशाने?

४. ही व्यवस्था मुलीसाठी. भाऊजी 'खिडकी' म्हणाले की चहा द्यावा. तोंड भिंतीकडे असेल तर मात्र खरोखरीच खिडकी उघडावी. 'जहाज' म्हणजे औषध. पण डोळे भरलेले असतील तर ते जहाजच, त्या स्वयंपाक्याचे. तेव्हा औषध पुढे करू नये, जवळ बसावे. 'दादा' म्हणजे कधी आमचे हे, बहुतेक वेळा मी.

हे अर्थ अधूनमधून बदलतात. परवा नवीनच शब्द निघाला, 'पिशवी'. त्याचा अर्थ अजून लागलेला नाही, आणि माझी झोप त्यातच गेली आहे. मुलगी म्हणाली, "आई, तू नसलीस की मला हे कसं कळायचं?"

मी म्हटले, "चुकून कळेल. चुकलीस की ते डोळे मिटून घेतात. मग दुसरा अर्थ घ्यायचा."

५. वकिलांनी लिहिले होते, 'दिरांना मागच्या खोलीत राहू द्यावे.' मी अडले. 'राहू द्या' म्हणजे असू द्या, आणि 'राहू द्या' म्हणजे नको, जाऊ दे. वकील हसले; कोर्टात असे कोणी वाचत नाही म्हणाले. जखमेला सुटी मिळते असेही कोणी वाचणार नाही, असे आम्हाला वाटले होते.

म्हणून शेवटचे कलम. या कागदातील कोणत्याही शब्दाचे दोन अर्थ निघाले, तर ज्या अर्थाने भाऊजी त्या खोलीतच राहतील तो माझा अर्थ धरावा. दुसरा कितीही बरोबर असला तरी.

वाचून, पुन्हा वाचून, सही केली.

(सही) भाषांतरकार

साक्षीदार, दोघांचीही सही माझ्यासमक्ष:
(सही) डॉक्टरीणबाई
(सही) समोरचे घड्याळदुरुस्तीवाले

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: ११ मार्च २०२४, सोमवार