मंगळवारचं विमान

प्रिय दादा,

मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. शाळेत पत्रलेखनाचे पाच मार्क मी कायम सोडून द्यायचे. त्यामुळे मागेपुढे झालं तर समजून घे.

तुझं ते जोडायचं लढाऊ विमान मी खाली काढलं. कपाटाला रंग द्यायचा होता, म्हणून आई म्हणाली वरची खोकी उतरव, तेव्हा सापडलं. दोन वर्षांची धूळ होती. आत तू चिकटवलेली पायलटची खुर्ची, पोटाचे दोन अर्धे भाग, तुझी सुरी, आणि बाकी सगळे भाग अजून प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले. आधी वाटलं परत ठेवून द्यावं. मग आतला जोडणीचा कागद उघडला तर त्यात नुसती चित्रं. एक शब्द वाचायचा नाही. म्हटलं, हे आपल्याला जमेल.

मी आता चष्म्याच्या दुकानात असते. मागच्या खोलीत काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या. दहा ते साडेसहा. मालकांना सगळे काका म्हणतात. ते रोज एकदा तरी म्हणतात, अगं गिऱ्हाईकाशी दोन शब्द बोललीस तर तुझे दात पडणार नाहीत. पण चांगले आहेत, मला पुढे काउंटरवर उभं करत नाहीत. दुकानातून आले की हातपाय धुवायचे आणि खिडकीजवळच्या टेबलावर विमान घेऊन बसायचं. पंख बसवले, मागची दोन उभी शेपटं बसवली, पोट बंद केलं. चाकं लावून उभं केलं तर ते मागे कलंडलं. शेपूट टेबलाला टेकलेलं आणि नाक छताकडे. तीनदा उभं केलं, तीनदा बसलं. मला इतकं वाईट वाटलं की नाकाचं टोक चिकटवलंच नाही, नुसतं दाबून ठेवलं आणि चार दिवस त्याच्याकडे बघितलं नाही.

मंगळवारी दुकानातून आले तर विमान तीन चाकांवर सरळ उभं.

मी नाकाचं टोक काढून बघितलं. आत बेअरिंगचे छर्रे, काचा बसवायच्या लांबीच्या लगद्यात रोवलेले. म्हणजे पुढे वजन लागतं आणि ते पोट बंद करायच्या आधी घालायचं असतं. चित्रात होतं, एक बारीकसा गोळा काढलेला, मला वाटलं छपाईचा डाग आहे. पण घातलं कोणी? पहिला संशय बाबांवर. छर्रे त्यांच्याशिवाय कोणाकडे असणार, त्यांनी कामावरून, डेपोतून आणलेला छर्ऱ्यांचा डबा खाटेखाली आहेच. दोन दिवस मी त्यांच्यावर नजर ठेवली. ते जेवताना विमानाकडे बघतात का, हात कुठे जातो. एकदाच म्हणाले, हे खेळणं किती दिवस टेबल अडवणार आहे? मला वाटलं मुद्दाम म्हणतायत. शेवटी ते आंघोळीला गेल्यावर मी डबा ओढला. झाकण गंजून असं बसलेलं की स्क्रू ड्रायव्हरनेसुद्धा हललं नाही. त्याला वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नाही.

पुढच्या मंगळवारी पंखांखाली चार क्षेपणास्त्रं लागलेली होती. कागदावरच्या चित्रापेक्षा नीट.

मग संशय आईवर. दादा, तिच्याकडे बघितलंस तर तुलाही आला असता. मंगळवारी सकाळी तिने मला तीनदा विचारलं, आज उशीर होईल का गं? इतर दिवशी डबा हातात कोंबते आणि पळ म्हणते. संध्याकाळी मोरीपाशी चहाचे दोन कप पालथे. मी विचारलं कोण आलं होतं. म्हणाली शेजारीण. शेजारीण तेव्हा आठ दिवसांपासून माहेरी होती. पण आई आणि क्षेपणास्त्रं? तिला सुईत दोरा ओवायला मी लागते. आणि वर गुणगुणत होती. आपल्या घरात दोन वर्षांत कोणी गुणगुणलेलं नाही.

मग मी काकांकडून भिंग मागितलं. पहिल्यांदाच काहीतरी मागितलं, म्हणून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, घरी काय हिरे तपासतेस का? आणि दिलं. त्या भिंगाखाली मी कापून झालेल्या रिकाम्या चौकटी बघितल्या. भाग कापला की चौकटीला छोटासा बुंधा राहतो, त्याच्यावर सुरीचा काप दिसतो. माझे सगळे काप उजवीकडे उतरलेले. क्षेपणास्त्रांच्या जागचे चारही काप डावीकडे. मग तू दोन वर्षांपूर्वी खुर्ची कापलीस ती जागा बघितली. ती पण डावीकडे.

आपल्या घरात डावखुरं एकच माणूस आहे.

मी भिंग धरून तशीच बसून राहिले. आई आतून म्हणाली, डोळे खराब होतील. तिला वाटलं मी अजून शोधतेच आहे.

आधी राग आला. तुझा नाही, तिचा. किती सफाईने खोटं बोलली. मग मी हिशोब लावला. मंगळवारी तू कामाला आहेस ते गॅरेज बंद असतं. मंगळवारी बाबांची डबल ड्युटी, ते नऊच्या आधी येत नाहीत. म्हणजे बाबा भेटू नयेत म्हणून तू मंगळवार निवडलास, हे बरोबर आहे. पण मी सातला येते. सात ते नऊ घरात आई आणि मी दोघीच. दोन तास. तू ते दोन तास थांबू शकतोस. आणि तू सातच्या आत निघून जातोस, प्रत्येक वेळी. माझं विमान सरळ करून, आणि मला न भेटता.

बाबांना टाळायचं तर नऊच्या आत निघालं तरी पुरतं. सातला तू मला टाळतोस.

कारण मला माहीत आहे. तुलाही माहीत असणार, पण मी सांगितलेलं नाही, म्हणून सांगते. बाबांना मीच सांगितलं. त्या दिवशी जेवताना त्यांनी मान वर न करता विचारलं, दादा क्लासला जातो ना रोज? आणि माझ्या तोंडून आलं, नाही, गॅरेजात जातो. वर्गात बाई पाचदा विचारायच्या तरी माझा आवाज फुटायचा नाही, आणि तेव्हा एका फटक्यात फुटला. पुढचं तू ऐकलंस. घराची पायरी चढायची नाही म्हणाले ते. तू चपला हातात घेऊन उतरलास, आणि जाताना माझ्याकडे बघितलंस. त्या बघण्याचा अर्थ मी दोन वर्षं लावते आहे. तुला कळलं होतं की नव्हतं? त्यानंतर शाळेतही मी बोललेच नाही, मग जायचंच बंद केलं. आईला वाटतं मला अभ्यास झेपला नाही.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, पत्ता आई देणार नाही आणि मागितला तर तिला कळेल. खोक्यात ठेवते आहे, विमानावर चिकटवायच्या आकड्यांच्या कागदाखाली. आता तेच काम राहिलंय, म्हणजे येत्या मंगळवारी तू तो कागद उचलशीलच. त्याच्या पुढच्या मंगळवारी मी काकांकडे सुट्टी मागितली आहे. तू याच कागदाच्या मागे हो लिहून खोक्यात ठेवलंस तर मी घरी थांबेन. लपून नाही, टेबलापाशी. तुला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. नको असेल तर नको एवढंच लिही. मी सुट्टी रद्द करेन, सातलाच येईन, आणि मला काही कळलंय हे आईला कधीच दिसणार नाही. पण दादा, हे वाचून यायचं थांबू नकोस. मला नाही भेटलास तरी चालेल. माझ्यामुळे एकदा आईचं सगळं गेलंय, आता तिचा मंगळवार जायला नको.

तुझीच,
धाकटी