शेजारच्या सीटची व्यवस्था

मी, शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पडदे आणि गादीच्या खोळी शिवणे (आता बंद), असे नोंदवून ठेवते की माझे हृदय भरवशाचे राहिलेले नसले तरी डोके ठिकाणावर आहे. पुढचे सगळे मी स्वखुशीने लिहीत आहे. वकीलसाहेब शेजारी बसून मधूनमधून "काकू, हे मृत्युपत्रात येत नाही" असे म्हणतात, पण त्याला काही दडपण म्हणता येणार नाही. मागच्या महिन्यात केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यातले गाडीतल्या सीटचे कलम चालणार नाही, हे गेल्या रविवारी कळले.

१. माझे यजमान हयात आहेत. पूर्वी ते दातांच्या कवळ्या बनवत. गेल्या काही वर्षांत त्यांची आठवण पुसत गेली आणि आता ते मला ओळखत नाहीत. मला 'बाई' म्हणतात, अहोजाहो करतात. संसारात कधी मिळाला नाही एवढा मान मला म्हातारपणी मिळतो आहे. आम्हाला एक मुलगा आणि सून. दोघेही भले आहेत, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे त्यात दोष कोणाचाच नाही.

२. राहते घर गॅरेजसकट मुलाला द्यावे. अट एवढीच की हे आहेत तोवर घर विकू नये आणि गॅरेजला कुलूप लावू नये. माझ्या मागे तो इथे राहायला येणार आहे. त्याचे काम कॉम्प्युटरवरचे, कुठूनही होते. बँकेत जे असेल ते ह्यांच्या औषधपाण्याला वापरावे. आकडा लिहीत नाही, लिहिण्यासारखा नाही.

३. शिलाई मशीन सुनेला. तिला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. हे तिने लग्नाआधीच मला सांगून टाकले होते आणि तेव्हापासून ती मला आवडते. मशीन विकले तरी चालेल, फक्त त्यावर कुंडी ठेवू नये.

४. थोरल्या जाऊबाईंना माझ्याकडून काही नाही. आमची बुटकी गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा त्या चारचौघांत म्हणाल्या होत्या, "यात बसायचं की आडवं व्हायचं?" मी गप्प बसले, आणि ते गप्प बसणे मला आजतागायत बोचते. उत्तर आता देते. जाऊबाई, बसायचं. चांगले पाय लांब करून बसायचं. (वकीलसाहेब म्हणतात, हे कलम लागत नाही. मी म्हटले, राहू द्या.)

५. आता गाडी. दोन दारे, दोघांपुरतीच जागा, रंग दवाखान्याच्या भिंतीसारखा फिकट हिरवा. जिने ती काढली ती कंपनी दुधाच्या टेम्पोंसाठी ओळखली जायची, आणि या स्पोर्ट्स कारमध्येही तिने टेम्पोचेच इंजिन बसवले होते. शौकीन मंडळी नाक मुरडत. त्यांना हवी असायची ती नावाजलेली लाल गाडी. ही बिचारी विक्रेत्याच्या आवारात मागच्या बाजूला, पत्र्याखाली धूळ खात पडली होती. ह्यांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाले, "बघ तरी. रूप राजघराण्याचं आणि खर्च टेम्पोचा. ही आपल्याला परवडेल." परवडते म्हणून आवडली की आवडली म्हणून आम्ही परवडवून घेतली, ते शेवटपर्यंत कळले नाही. कर्ज माझ्या पडद्यांच्या धंद्यावर मिळाले, म्हणून कागदपत्रे माझ्या नावावर आहेत.

ती दिसायला पळणारी होती, एवढेच. चढावर टॅक्सीवाले आम्हाला ओलांडून जात आणि जाताना हसत. हेही हसत. पण वळणावर तिने आम्हाला कधी दगा दिला नाही. जमिनीला इतकी लगटून चालायची की नुसते बाजारात जातानाही शर्यतीत असल्यासारखे वाटायचे, आणि दुकानात गंभीर तोंडाने मापे घेणारी मी तिच्यात बसून खिदळायचे. सीटच्या खोळी मी शिवल्या. गिअरची मूठ तुटली तेव्हा नवी मिळेना, तर ह्यांनी कवळ्यांच्या मसाल्याची बनवली, हिरड्यांच्या गुलाबी रंगाची. ती अजून आहे आणि अजून विचित्र दिसते. महागडी गाडी असती तर असले काही करायला आमचा हात धजला नसता. हिला कोणी विचारत नव्हते म्हणून ही पुरती आमची झाली.

ह्यांच्या पश्चात गाडी आमच्या गल्लीतल्या चष्मा लावणाऱ्या पोराला द्यावी. तो औषधांच्या दुकानात काम करतो. लोकांना नको असलेल्या गाड्यांवर त्याचा जीव आहे. गुलाबी मुठीला तो हसला नाही, म्हणून त्याला. ह्यांची कवळ्यांची हत्यारेही त्यालाच.

६. हे रोज संध्याकाळी गाडीत बसतात. बॅटरी मेकॅनिकने कधीच काढून नेली आहे. हे किल्ली फिरवतात, आरसा नीट करतात, गिअर टाकतात. गाडी जागची हलत नाही, पण ह्यांना ते कळत नाही. "इंजिन काय शांत चाललंय," असे कौतुकाने म्हणतात. दिवसभर भिंती चाचपत फिरणारा हा माणूस तेवढा वेळ स्वस्थ असतो, आणि गाडीतून उतरला की जेवतो, झोपतो. एखाद्या दिवशी गाडीत बसणे चुकले तर घास तोंडात घेत नाहीत.

मात्र शेजारी कोणी बसल्याशिवाय ते किल्ली फिरवत नाहीत. मी बसते. मग विचारतात, "बाई, कुठे सोडू आपल्याला?" मी म्हणते, "पोस्टापाशी सोडा." ते म्हणतात, "वाटेवरच आहे." सुरुवातीला मला फार लागायचे. पुढे वाटले, परकी बाई म्हणून का होईना, बसू देतात ना. माझ्या मागे ही जागा मुलाने घ्यावी, असे मी आधीच्या मृत्युपत्रात लिहिले होते.

७. रविवारी मुलगा आला होता. म्हटले, आत्ताच सवय लावावी. तो शेजारी बसला, मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिले. हे किल्ली धरून नुसते बसले. मुलगा म्हणाला, "मला पोस्टापाशी सोडता का?"

ह्यांनी फार अदबीने सांगितले, "माफ करा, ही जागा रिकामी नाही. बायको यायचीय माझी. तिला आवरायला वेळ लागतो."

मुलगा उतरला. सुनेने बसून बघितले, तिलाही तेच उत्तर. "बाई, वाईट वाटून घेऊ नका," असेही म्हणाले तिला. मग मी हात पुसून गेले आणि बसले. ह्यांनी माझ्याकडे बघितले, आरसा नीट केला, किल्ली फिरवली आणि विचारले, "बाई, कुठे सोडू आपल्याला?" मला एकही ठिकाण आठवेना. मी रडत होते. ह्यांनी घाई केली नाही.

ते मला ओळखतात की नाही, हे आता मला सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारले, त्यांनाही सांगता आले नाही.

८. म्हणून सीटचे ते कलम रद्द. घर देता येते, मशीन देता येते. ही जागा मला कोणालाच देता येत नाही. माझ्या मागे तिथे कोणी बसू नये. हे बसू देणार नाहीत. मुलाने गाडीच्या दाराशी उभे राहावे, आणि ह्यांनी बायको कुठे म्हणून विचारले की "येतेय, आवरतेय" एवढे म्हणावे. उद्या विचारले तर उद्याही तेच म्हणावे.

मुलाला हे वाचून दाखवले. तो म्हणाला, "आई, रोज? तू गेल्यावर? मला नाही जमणार." त्याच्या जागी मी असते तर मलाही जमले नसते. वकीलसाहेबांनी कलमाला स्वतःच आकडा घातला. मला दुसरे काही सुचत नाही, म्हणून कलम तसेच ठेवते. आवरतेय म्हणून कोणीतरी ह्यांना सांगावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. साक्षीदारांसमोर सही करते.

स्थळ : राहते घर. दिनांक : मुद्रांकावर आहे तोच.

सही : लिहून ठेवणार

साक्षीदार :
१. गाडीचा मेकॅनिक
२. आमचे डॉक्टर