खात्याचा आवाज कमी करताना

सोम., ३ फेब्रु.
पूजाच्या हळदीचं फुटेज आज उघडलं. मामाची पोर, म्हणून एडिटिंग फुकट आणि घाई सगळ्यांत जास्त. जि.भाई (स्टुडिओचे मालक, जिग्नेशभाई) माझ्या खुर्चीमागून जाता जाता नेहमीचं बोलले, "लाइव अवाज काढी नाख, गीत मूकी दे." डिंडोलीतल्या निम्म्या लग्नांचे आवाज मी असेच शून्यावर नेऊन वर सिनेमाची गाणी चढवलीत. आजही नेणार होते, तेवढ्यात फुटेजमधून मायचा आवाज आला.
हळदीची गाणी मायच म्हणते. १३ला तिच्या गळ्याची गाठ काढायची आहे. आवाज राहील की बसेल, डॉ. आत्ताच सांगत नाहीत. म्हणजे हे तिचं शेवटचं...
नको. उद्या लिहीन.

मंगळ., ४
गाणं वाचवायचं ठरवलं. पण हळद झाली गोडादऱ्याला आमच्याच गल्लीत, आणि भिंतीपलीकडे लूमचं खातं, यंत्रमागांचा कारखाना. हळदीसाठी लूम कोण बंद ठेवतंय? आवाजाचं मीटर सतत लाल, खटखटीच्या तळाशी माय. तिला वाढवलं की खातंही वाढतं. माइक एकच होता.

गुरु., ६
सॉफ्टवेअरला नुसत्या खात्याच्या आवाजाचा तुकडा ऐकवला आणि म्हटलं, हे वेगळं कर. केलं की. खातं खालच्या ट्रॅकवर गेलं, वर माय एकटी. जन्मापासून हिचा आवाज खटखटीशिवाय मी ऐकलाच नव्हता.
पण अडखळते. गाण्यात नात्यातल्या एकेकाचं नाव गुंफायचं असतं, मामाचं, मावशीचं. ओळ म्हणते, गप्प होते, मग नाव येतं. दर वेळी तसंच. दम पुरत नाही बहुतेक. गाठच ती. जरा रडले. मग त्या रिकाम्या जागा कापून ओळी जोडून टाकल्या. कुणाला कळणार आहे.

शनि., ८
मायला ऐकवलं. मजुरीवर घेतलेल्या साड्यांचे सुटे धागे कापत बसली होती, तिच्या कानाला हेडफोन लावला. कात्री थांबली.
"खातं बंद पडनं व्हतं का?"
म्हटलं, मीच काढलं, तुझा आवाज स्वच्छ यावा म्हणून.
"मंग हाई कोन शे? मी अशी घाईघाईमा नही गास."
चेष्टा नव्हती. तिनं खरंच ओळखलं नाही. मी भडकले. एवढी मान मोडून बसले ती हे ऐकायला?

सोम., १०
कापलेल्या जागा परत आणल्या. हट्टानंच. तू कुठं अडखळतेस ते तिला दाखवायचं होतं. वर मायच्या आवाजाची लाट, खाली खात्याची. दोन्ही मोठ्या करून बघितल्या.
ओळ संपते. भिंतीला लागून जो लूम आहे त्याचे ठोके पडतात. आणि बरोबर ठोक्यावर नाव. नाव लांब असेल तर एक ठोका आधी उचलते. एकदाही चुकत नाही. दम लागत नव्हता तिला, ती वाट बघत होती.
मी माउसवरून हात काढून घेतला. कुठलंतरी मशीन, कुणाचं कापड विणतंय, आणि माय त्याच्यावर आमच्या सगळ्या गोताची नावं बसवतेय. रोज, माझ्याच घरात, धागे कापता कापता. आणि मी आवाजाचं काम करते म्हणे.
जि.भाईंनी विचारलं, "शुं थयुं?" काय झालं ते ऐकूनच कळावं म्हणून हेडफोन दिला. बराच वेळ त्यांनी तो काढला नाही. मग पहिल्यांदाच गाणं नको म्हणाले, तेही हळूच, "आमां गीत ना मूकती."

बुध., १२
दिवसभर फक्त लेव्हल. माय वर, खातं खाली, पण शून्य नाही. थोडं जास्त खाली नेलं की ती अधांतरी, थोडं वर आणलं की बुडते. संध्याकाळी एका जागी दोघं नीट ऐकू आली. पुन्हा हात लावायची भीती वाटली, सेव्ह केलं.
माय दवाखान्याची पिशवी भरत होती. "चांगलं झायं का?" हो म्हटलं. ऐक म्हटलं तर म्हणाली, नंतर.

शनि., १५
ऑ. झालं, गाठ निघाली. बोलायला बंदी आहे. सोमवारी पट्टी सोडल्यावर आवाजाचं बघू, असं डॉ. म्हणाले.
लॅपटॉप वॉर्डात नेला. हेडफोन लावून ऐकता ऐकता मायनं बोट वर केलं: वाढव. तिचा आवाज वाढवला. मान हलवली, हा नको. खातं वाढवलं. पुन्हा बोट. अजून वाढवलं. मीटर लाल झालं, गाणं पार बुडालं, तेव्हा कुठं तिनं हात खाली घेतला आणि डोळे मिटले.
मला स्क्रीनवर तिच्या ओळीची लाट सरकताना दिसत होती. ओळ संपली, ठोके गेले, आणि नावाच्या जागी पट्टीखालचा तिचा गळा हलला. पुढच्या नावाला पुन्हा हलला. वॉर्डात पंखे, डबे, शेजारच्या बाईचे नातेवाईक, नुसता गलका. कान तिच्या तोंडाशी नेला असता तर आवाज निघतोय का ते कळलं असतं.
धीर झाला नाही.