दोन झाकणांचा ग्रिलर

कळंब,
सोमवार, ६ जानेवारी २०२५

चि. उज्वला हिस,

अनेक आशीर्वाद व जयभीम. इकडे मी आणि कोंबड्या खुशाल.

पत्र पाहून हसू नकोस. परवा फोनवर तू जे सांगितलंस त्यातलं मला इतकंच कळलं, की तुमच्या हॉटेलासाठी काहीतरी घ्यायचं आहे आणि ते दोन्ही बाजूंनी तापतं. तू ओरडून बोलायला लागलीस की मला काही कळत नाही, शेजारच्या पोशाला मात्र अंगणात उभ्या उभ्या सगळं ऐकू जातं. त्यानेच मला मागून खुणा करून सांगितलं, की तुम्ही ग्रिलर घेताय. तेव्हा यापुढे महत्त्वाचं काय ते कागदावर लिहीत जा. धाऊचा टेंपो भाजी घेऊन खोपोलीच्या बाजाराला जातो. तो खालापूरपर्यंत वाकडी वाट करायला तयार आहे, फक्त चहा पाजत जा.

आता मुद्द्याचं. पावसाळा सरला तेव्हा तुमची भाकऱ्या थापणारी ठकी गावी गेली, म्हणून तू आईला आठ दिवसांसाठी नेलंस. ठकी काही परत आली नाही आणि तुझी आईही नाही. माझं म्हणणं असं, की जे मशीन खालून-वरून एकदम तापतं, त्यावर भाकरी उलटायचीसुद्धा गरज नाही. तांदळाची भाकरी त्यावर झाली की आईची सुटका. खरं लिहायचं तर सुटका माझी. दिवेलागणीला घर खायला उठतं. मला ती परत हवी आहे, यात आडपडदा कशाला ठेवू?

बिजागरी जाड बघून घे. कारखान्यात उभा जन्म मशीनपाशी काढला आहे, जी झाकणं लवकर ढिली होतात ती बिजागरीपासूनच. जावईबापूंना जयभीम. लोभ आहेच, तो सांभाळायचं खातं तुझ्या आईकडे असतं, तेवढं तिला सांग.

तुझा,
बाबा


खालापूर,
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

ती. बाबांस,

सविनय जयभीम, वि. वि. तुमचं पत्र धाऊने आणून दिलं आणि दोन चहा पिऊन गेला. तुम्ही एकच कबूल केला होता असं तो म्हणाला, दुसरा त्याने स्वतःच्या अधिकारात घेतला.

बाबा, ग्रिलर भाकरीसाठी नाहीच. सकाळी जुन्या हायवेने मोटारसायकलवाल्यांचे घोळके लोणावळ्याकडे जातात, त्यांना भाकरी नको असते, सँडविच हवं असतं. रविवारी मुंबईची कुटुंबं उतरतात, त्यांची पोरं भाजलेलं चिकन मागतात. आमचा तवा एकच, आणि त्यावर आईचं राज्य. परवा रुपेशने तव्याच्या कडेला दोन पाव शेकायला ठेवले, तर आईने ते उलथण्याने उचलून त्याच्याच हातात दिले. जावई म्हणून नुसतं बघितलं. त्या दिवशी रुपेशने ठरवलं, की स्वतंत्र मशीन घ्यायचं.

आता रोज रात्री मोबाइलवर तो ग्रिलर बघतो. एकाला रेषांची प्लेट, एकाला सपाट, एकाला एक झाकण, एकाला दोन. त्याला हवा आहे तो काळ्या काचेचा, आकडे दाखवणारा. मला अजून काहीच कळत नाही. तुम्ही म्हणता तसं भाकरीचं बघायचंच असेल, तर नेरळला विलासशेठच्या भांड्यांच्या दुकानात एक मशीन चालू करून दाखवतात. आपले जिन्नस आणा आणि भाजून बघा, असं त्यांचं म्हणणं असतं. तुम्हाला जवळ पडेल. बिजागरीही बघून याल.

आई मजेत आहे. तिला तुमचं पत्र वाचून दाखवलं. घर खायला उठतं या वाक्यावर ती म्हणाली, की घराला कोंबड्या दे म्हणावं खायला. पण पत्र तिने मागून घेतलं आणि पिठाच्या डब्यामागे ठेवलं, हे मी तुम्हाला सांगितल्याचं तिला सांगू नका.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
उज्वला


कळंब,
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

चि. उज्वला हिस,

अनेक आशीर्वाद. मंगळवारी नेरळला जाऊन आलो. सोबत पोशा होता. त्याच्या बायकोने, कोंडीने, सकाळीच उकड मळून डब्यात घालून दिली होती. दुपारच्या जेवणासाठी म्हणून मी चार सुके बोंबील पिशवीत टाकले. ते टाकले नसते तर बरं झालं असतं, पण आता इलाज नाही.

विलासशेठने मशीन तापवलं. मी हातावर भाकरी थापून आत ठेवली आणि झाकण पाडलं. वेळ झाल्यावर त्यांनीच उघडलं. भाकरी भाजली होती, खोटं कशाला बोलू? पण फुगायला वरती जागाच नव्हती. बिचारी दोन प्लेटांमध्ये दबून निघाली, अंगावर रेषा आखलेल्या, लहान मुलाच्या वहीसारखी. पोशाने चावून बघितली आणि बराच वेळ चावतच राहिला. मला काय वाईट वाटलं म्हणून सांगू. तिथेच स्टुलावर बसलो.

मशीन तापलेलं होतंच, म्हणून मी विचारून बोंबील आत ठेवले. तेवढ्यात विलासशेठ एका गिऱ्हाइकाला कुकर दाखवायला आत गेले. ते सांगून गेले होते, की वेळ झाली की शिटी वाजेल, मग झाकण उचला. मी शिटीची वाट पाहत बसलो. पोशा तंबाखू खायला बाहेर. थोड्या वेळाने विलासशेठ हात वर करून काहीतरी बोलत धावत आले. मला वाटलं, वासावरून तारीफ करताहेत, म्हणून मीही मान डोलावली. झाकण उचललं तर बोंबलांचे कोळसे. धूर रस्त्यापर्यंत गेला. शिटी कधीची वाजत होती म्हणे. बारीक आवाज मला येतच नाहीत, हे तुला ठाऊक आहे.

त्यामागून एक सँडविचवाला आला, त्याने पाव शेकून बघितला आणि खाऊन म्हणाला, की पाव बोंबलाचा आहे. विलासशेठने त्या मशीनला लिंबू, सोडा, सगळं लावलं. मी माफी मागून निघालो. बिजागरी मात्र चांगली आहे.

तर मशीनवर भाकरी होत नाही. म्हणजे तुझी आई येत नाही. एवढंच कळवायचं होतं.

तुझा,
बाबा


खालापूर,
सोमवार, २० जानेवारी २०२५

ती. बाबांस,

सविनय जयभीम, वि. वि. तुमचं पत्र मी मोठ्याने वाचलं. रुपेश हसून हसून कांद्याच्या पोत्यावर बसला. आईने डोळ्यांना पदर लावला, तो हसून की धुराच्या आठवणीने, ते कळलं नाही. शेवटच्या दोन ओळी वाचल्या आणि आईने पत्र माझ्या हातातून काढून घेतलं.

बाबा, तुमच्या बोंबलांनी आमचं एक काम सोपं केलं. एका झाकणाचा ग्रिलर बाद. आमच्याकडे निम्मी मंडळी शाकाहारी येतात, त्यांच्या पावाला मासळीचा वास लागला तर उद्या कोणी उंबऱ्यावर चढणार नाही. दोन झाकणांचाच घ्यायचा, डावीकडे पाव आणि पनीर, उजवीकडे चिकन आणि मासळी. रुपेशने लगेच दोन झाकणांचा काळ्या काचेवाला शोधून काढला. आता तो झोपेतही काच पुसतो.

आई म्हणते, तिला स्वतःच तुम्हाला लिहायचं आहे. चौथीनंतर पत्र लिहिलं नाही म्हणते, पण माझी मदत नको. सोबत पाठवते. मी वाचलेलं नाही. म्हणजे वाचलं, पण मी वाचलं नाही असंच तुम्ही समजा.

रागावू नका, लोभात काटछाट करू नका.

तुमची,
उज्वला

*

उज्वलाच्या बाबास मालनचा जयभीम.

मी बरी हाय. तुमी बोंबील जाळलं ते आयकलं. घरात बी तेच करता, नवीन काय नाय.

मला सोडवायला मशीन शोधू नका. मला कोनी बांधून नाय ठेवलं. हितं माजी भाकरी फुगते तवा मान्सं ताट सोडून बगायला येतात. मुंबईची एक बाई म्हनली शिकवा, तिला शिकवलं. तिची भाकरी फाटली, मग दोगी हसलो. दिसभर कोन ना कोन बोलतं. मी बोलते त्याला उत्तर मिळतं. कळंबला मी बोलते आन भिंत आयकते. तुमी कानाचं यंत्र टरंकेत ठेवलंय, शिट्या मारतं म्हून. तुमचं म्हननं खरं असल. पन मी किती वरसं भिंतीशी बोलू?

मी रागवून नाय लिवत. तुमच्यावाचून मला बी चव नाय. पन चूल सोडून येनार नाय. तांबडी कोंबडी खुडूक बसली असल तर तिला अंडी घाला.

मालन


कळंब,
शनिवार, २५ जानेवारी २०२५

हॉटेलवाल्या मालनबाईंस,

जयभीम. पत्र पोचलं. अक्षर चांगलं आहे, इतकी वर्षं लपवून का ठेवलं होतंस?

वाचून आधी राग आला. भिंत म्हणालीस. कारखान्याने कान खाल्ले त्यात माझा काय दोष, असं मोठं उत्तर मी मनात तयार केलं आणि पोशाला ऐकवलं. तो म्हणाला, सखारामदा, यंत्र तरी घाल, मग भांड. म्हणून ट्रंकेतून काढलं, नवा सेल घातला आणि दिवसभर कानात ठेवलं. आता ऐक. कोंबड्यांचं ऐकू आलं. कोंडी पलीकडे पाटा धूत होती तेही आलं. आपला दरवाजा इतका कुरकुरतो हे मला माहीत नव्हतं, तू कधी सांगितलंही असशील. शिट्या मारतं ते मारतंच, बारीक आवाज अजूनही येत नाहीत. पण संध्याकाळी मी काढून ठेवलं, कारण घरात ऐकण्यासारखं काही नव्हतं. ज्याच्यासाठी घालायचं तो आवाज खालापुरात आहे.

तुला ये म्हणणार नाही. तुझी भाकरी बघायला माणसं ताट सोडून उठतात, हे वाचून मला अभिमान वाटला आणि थोडी जळजळही झाली. मी कधी उठलो नाही. मला वाटायचं, भाकरी फुगतेच.

तांबडीखाली अंडी घातली आहेत. माझ्यावर लोभ शिल्लक असेल तर वाढव, नसेल तर नव्याने थाप.

सखाराम


खालापूर,
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,

सविनय जयभीम, वि. वि. ग्रिलर घेतला! आता नीट बसून वाचा, कारण तो मी निवडला नाही आणि रुपेशनेही नाही.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं खोपोलीच्या दुकानात निघालो, तर आई चपला घालून दारात उभी. त्या मशीनशी माझं काही देणंघेणं नाही असं महिनाभर म्हणणारी आई निळी साडी नेसून तयार. तुमचं पत्र कमरेला खोचलेलं होतं.

दुकानात रुपेशचा काळ्या काचेवाला मांडून ठेवला होता. आकडे, काच, सगळं. दुकानदाराने चालू करून दाखवला. वेळ झाली तशी तो पी-पी करून बोंबलायला लागला. आईने विचारलं, की आवाजाशिवाय झालेलं कसं कळतं? दुकानदार म्हणाला, आवाज इतका मोठा आहे, की शेजारच्या दुकानातही ऐकू जातो. आई म्हणाली, की शेजारच्या दुकानातला माणूस भाजायला उभा राहणार नाही. मग ती सगळ्या मशीनभोवती एक फेरी मारून आली आणि मागच्या रांगेतल्या एका जाडजूड, साध्या ग्रिलरपाशी थांबली. त्याला दोन झाकणं, आणि प्रत्येक झाकणाला आपापला दिवा. भाजत असलं की तांबडा, झालं की हिरवा. आईने दोन्ही झाकणं उघडमीट करून बघितली, बिजागरी बोटाने हलवून बघितली, आणि हाच द्या म्हणून सांगितलं.

रुपेशचा चेहरा उतरला. काचेचा का नको, म्हणून त्याने विचारलं. आई म्हणाली, की ज्याला उभं करायचं त्याला दिसायला पाहिजे. एवढंच म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. रुपेशला कळायला पेट्रोलपंपापर्यंतचा रस्ता लागला. मग काच गेल्याचं दुःख विसरून तोच मला म्हणाला, की बाबांना लगेच लिही.

तर बाबा, शनिवार-रविवार ग्रिलरपाशी उभं राहायला आम्हाला माणूस हवं आहे. मशीनची माया असलेलं, न कंटाळणारं, बोंबील जाळण्याचा अनुभव एकदाच घेतलेलं. आईने तुमच्यासाठी अ‍ॅप्रन शिवायला टाकला आहे, मला न सांगता. माप तिने मनानेच दिलं. बघू या, तिच्या लक्षात आहात तेवढेच आहात का.

धाऊच्या टेंपोत पुढची जागा सांगून ठेवली आहे. माया घेऊनच या, इथे जागा आहे.

तुमची,
उज्वला


कळंब,
बुधवार, ५ फेब्रुवारी २०२५

चि. उज्वला हिस,

अनेक आशीर्वाद व जयभीम. पत्र तीनदा वाचलं. पोशाने विचारलं, की डोळ्यात काय गेलं, तर मी मिरची म्हणालो. त्याने आमच्या चुलीकडे बघितलं, ती विझलेली होती.

कोंबड्या शुक्रवारपासून सोमवारपर्यंत कोंडीकडे. तांबडीची पिल्लं निघाली की दोन तिची, असं ठरलं आहे. दरवाजाला तेल घातलं. कानाचं यंत्र कानात आहे, जादा सेल खिशात. शुक्रवारी दुपारी धाऊबरोबर निघतो. जावईबापूंना म्हणावं, काचेचं वाईट वाटून घेऊ नका, साधी मशीनं जास्त टिकतात.

माझी एकच अट आहे, ती आधीच कळवतो म्हणजे मग जोडणी पुन्हा करायला नको. ग्रिलर भिंतीकडे तोंड करून लावू नका. मी भिंतीकडे बघत उभा राहणार नाही, पुरे झालं. तव्याच्या बरोबर समोर ठेवा, असा, की हिरवा दिवा लागलेला आणि तुझ्या आईची भाकरी फुगलेली मला एकाच जागेवरून दिसेल. दोन्ही एकदम झालं, तर बोंबील थोडे जळतील. तेवढं चालवून घ्या.

तुम्हा सगळ्यांचा,
बाबा