जास्तीचे नऊ दिवस

प्रिय भाऊजी,

परवा तुम्ही आमच्या दारापर्यंत येऊन बेल न वाजवताच परत गेलात, असं शेजारच्या काकू म्हणाल्या. म्हणून लिहायलाच बसले.

छापखान्यातलं त्या दुपारचं मला तुकड्यातुकड्यानं कळलं. हे कागद कापायच्या मशीनपाशी हात पुसता पुसता कोसळले. कुणी पाणी मारा म्हणालं, कुणी पंखा लावा. तुम्ही मात्र ॲम्ब्युलन्सचा फोन स्पीकरवर ठेवून गुडघे टेकलेत आणि पलीकडची बाई मोजेल तसे यांची छाती दाबत राहिलात. दमलात तेव्हा बाइंडिंगवाल्या मावशींनी हात दिला, मग पुन्हा तुम्हीच. चौदा मिनिटं! ॲम्ब्युलन्सवाल्यांनी शॉक दिले, दुसऱ्या शॉकला नाडी लागली. हॉस्पिटलमध्ये बंद पडलेली रक्तवाहिनी उघडून स्टेंट घातला.

तिसऱ्या दिवशी घशातली नळी काढल्यावर पहिलं काय बोलले असतील? "छातीवर कोण नाचलं गं?" तुमचं नाव सांगितलं तर हसायला गेले आणि कळवळले. म्हणाले, "त्याला म्हणावं, माणूस होतो रे, कणकेचा गोळा नव्हे!"

आमच्या लेकीनं यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून दोन वर्षं ती यांच्याशी बोलत नव्हती, खरं तर हेच बोलत नव्हते. ती धावत आली. जावयाला यांनी जवळ बसवून घेतलं, त्याच्या हातून सूप प्यायले. आणि एका सकाळी मला म्हणाले, "संसार तूच ओढलास. मी नुसता बरोबर चाललो." एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा, भाऊजी! मी खिडकीकडे तोंड करून रडून घेतलं.

नवव्या दिवशी हृदय पुन्हा थांबलं. डॉक्टरांनी शर्थ केली, पण या वेळी ते चालू झालं नाही.

काल तुमच्या बायकोचा फोन आला. तुम्ही कामावर जाणं सोडलंय, म्हणे. हातांकडे बघत बसता. "मीच त्याच्या बरगड्या मोडल्या, म्हणून तो गेला," असं म्हणता. मी आज मुद्दाम डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, नीट दाबलं की बरगड्या मोडतात कधी कधी. तेवढा जोर लावला म्हणूनच मेंदूला रक्त मिळत राहिलं. हृदय मात्र आधीच फार खराब झालं होतं. भाऊजी, तुम्ही नसतात तर हे त्या दुपारी फरशीवरच गेले असते. तुम्ही त्यांना निरोप घेण्यापुरतं परत आणलंत. सोमवारी कामावर जा. त्या हातांना नावं ठेवायची नाहीत, ही वहिनीची ताकीद समजा.

तुमच्या ऋणात आनंदानं राहणारी,
वहिनी